लेकराचं दुखणं कुणी मोजलं?

भूल देण्याच्या शास्त्राचा इतिहास सांगायला एक कवी का पुढं आला, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. शरीरशास्त्राशी माझी ओळख शाळेच्या पुस्तकापुरती. पण शब्दांचा नाद आहे, आणि ‘भूल’ या शब्दानं मला फार वर्षं बुचकळ्यात टाकलं आहे. रानात माणसाला भूल पडते, म्हणजे तो वाट चुकतो. हिशेबाच्या कागदाखाली आपण ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहितो. रूपाची भूल पडते ती आणखी निराळी. आणि दवाखान्यात देतात तीही भूलच. तिथं मात्र माणूस वाट चुकत नाही, दुखणं वाट चुकतं. ते मेंदूच्या दारापर्यंत पोहोचत नाही, इतकंच.

आज मला बोलायचं आहे ते लहान मुलांच्या भुलीविषयी, आणि त्यातही अंगाचा तेवढाच भाग बधिर करण्याच्या विद्येविषयी. डॉक्टर मंडळी तिला रीजनल अ‍ॅनेस्थेशिया म्हणतात. या विद्येच्या इतिहासात एक चमत्कारिक प्रश्न दडलेला आहे. तान्ह्या बाळाला दुखतं का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! कुठल्याही आजीला विचारा. पण शिकल्यासवरल्या माणसांनी हा प्रश्न विचारला, आणि विसाव्या शतकातला बराच काळ त्याचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘फारसं नाही’ असं दिलं. ते उत्तर बदलायला १९८७ साल उजाडावं लागलं.

सुरुवात थोडी मागून करू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनला मॉर्टन या दंतवैद्यानं ईथर हुंगवून शस्त्रक्रियेची वेदना घालवून दाखवली. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं. लोक हरखून गेले. आणि २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगल्यावर काही मिनिटांत मरण पावली. क्लोरोफॉर्मनं घेतलेला हा पहिला नोंदलेला बळी. तिचं ऑपरेशन कशाचं होतं? पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं! आज तेच नख काढताना बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी थोडं औषध टोचतात, बोट तेवढं बधिर होतं आणि पोरगी गप्पा मारत असते. हॅनाच्या बोटापासून आजच्या बोटापर्यंतचा रस्ता हाच आपला विषय आहे.

जाता जाता आमच्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीची आठवण काढतो. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की हृदय, या वादाचा निकाल लावायला हैदराबादेत निजामाच्या पैशानं १८८८ आणि १८८९ अशा दोन साली आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं लंडनहून माणूस पाठवला. आयोगाचा निष्कर्ष पुढं अपुरा ठरला तो ठरला, पण याच हैदराबादच्या वैद्यक शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं होतं असं मला वाटतं.

आता बधिर करण्याच्या विद्येकडं वळू. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा एक तरुण डॉक्टर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी काहीतरी शोधत होता. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड, होय, तोच स्वप्नांवाला, तेव्हा कोकेनचा अभ्यास करत होता. फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गावी गेला, आणि इकडं कोलरनं कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या, मग सशा-कुत्र्यांच्या आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात घातले. टाचणी लावली तरी कळेना. हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध सांगायचा होता, पण जाण्याइतके पैसे कोलरकडं नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानंच वाचून दाखवला. काही महिन्यांत सगळ्या जगभर ती गोष्ट पोहोचली.

पुढचा टप्पा जर्मनीत कील गावी. ऑगस्ट बीअर या सर्जननं १८९८ साली पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून कोकेन सोडलं आणि कमरेखालचं अंग बधिर केलं. त्याच्या पहिल्या सहा रुग्णांत ११ वर्षांचा एक मुलगाही होता, म्हणजे या विद्येत लेकरं अगदी पहिल्या दिवसापासून आहेत. पण रुग्णांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या होत. त्या का होतात हे पाहायला बीअरनं सहायक हिल्डेब्रांटकरवी स्वतःलाच सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना, पाठीतलं पाणी वाहून गेलं आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट म्हणाला, मला टोचा. त्याचे पाय बधिर झाल्यावर बीअरनं त्याच्या मांडीत सुई घातली, विझवायची पेटती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडा हाणला. हिल्डेब्रांट शांत. रात्री दोघांनी वाइन आणि सिगारीनं हा विजय साजरा केला. दुसऱ्या दिवसापासून बीअर कित्येक दिवस डोकेदुखीनं अंथरुणावर, आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या. हा प्रसंग वाचून मला हसू आलं. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथं मोठ्या माणसांनी एकमेकांना विचारलं, “दुखतंय का?” आणि समोरच्यानं सांगितलं, “नाही.” तान्हं बाळ हे सांगू शकत नाही. सगळी गोम तिथंच आहे.

लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या इस्पितळात टिरेल ग्रे नावाच्या सर्जननं १९०९-१० मध्ये मुलांना आणि तान्ह्यांनाही पाठीतून भूल दिल्याचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. मुलांच्या शस्त्रक्रियेत या पद्धतीला मोठं भवितव्य आहे असं त्यांना वाटत होतं. १९३३ साली मेरेडिथ कॅम्पबेल या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञानं माकडहाडाजवळून औषध सोडण्याची पद्धत मुलांसाठी वापरून दाखवली. एवढं सगळं हाताशी असताना पुढं पन्नास वर्षं ही विद्या मुलांच्या बाबतीत जवळजवळ अडगळीत पडली. का?

एक कारण असं की, हुंगायची औषधं सुधारली आणि पूर्ण भूल बरीच सुरक्षित झाली. दुसरं कारण भीती. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या इस्पितळात वुली आणि रो या दोन माणसांना एकाच दिवशी, किरकोळ शस्त्रक्रियांसाठी, पाठीतून भूल दिली गेली. दोघांचेही पाय कायमचे लुळे पडले. खटला झाला. औषधाच्या काचेच्या कुप्या जंतुनाशक फिनॉलमध्ये बुडवून ठेवत, कुप्यांना डोळ्यांना न दिसणारे तडे गेले असावेत आणि फिनॉल आत झिरपलं असावं, असं कोर्टात ठरलं. पुढं काही तज्ज्ञांनी दुसरं कारण सुचवलं. पण कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये पाठीतल्या सुईचा धसका बसला तो पुढं कितीतरी वर्षं गेला नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे क्युरारे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारी बाणाच्या टोकाला लावत ते हे विष. त्यानं स्नायू लुळे पडतात. १९४२ साली कॅनडात माँट्रियलला ग्रिफिथनं ते भुलीच्या जोडीला वापरलं. पोट सैल पडतं, सर्जनचं काम सोपं होतं, भुलीचं औषध कमी लागतं. फायदा मोठा होता. पण क्युरारे दुखणं घालवतं का? हे तपासायला स्कॉट स्मिथ या अमेरिकी डॉक्टरनं स्वतःला पूर्ण शुद्धीत असताना क्युरारे टोचून घेतलं. १९४७ साली तो अहवाल छापून आला. पापणी हलेना, श्वास दुसऱ्यांनी चालवायचा, पण ऐकू सगळं येत होतं आणि टोचलेलं कळत होतं. याचा अर्थ स्वच्छ होता. हे औषध माणसाला गप्प करतं, दुखणं तसंच राहतं.

मोठ्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हा धडा घेतला. तान्ह्यांच्या बाबतीत घेतला नाही. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला नवजात बाळांसाठी थोडा नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे एवढ्यावर काम भागवायची रीत पडली. मी त्या डॉक्टरांना दुष्ट म्हणणार नाही. दोन किलोच्या जिवाला जरा जास्त औषध झालं तर हृदय बंद पडे, आणि बाळ जगवणं हे पहिलं काम होतं. हलकी भूल ही तेव्हा दयाच होती. पण पुढं बऱ्याच ठिकाणी ‘कमीत कमी’ची ‘जवळजवळ काहीच नाही’ झाली आणि गरजेतून आलेल्या गोष्टीला शास्त्राचा टिळा लावला गेला. १९४१ साली मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकी अभ्यासक बाईंनी बाळांना टाचणी टोचून त्यांचा प्रतिसाद पाहिला होता. पहिल्या आठवड्यात काही बाळं फारशी दाद देत नाहीत, त्याअर्थी मेंदूचा वरचा थर अजून जागा झालेला नसावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरा आधार मज्जातंतूंवरच्या आवरणाचा. विजेच्या तारेवर रबर असतं तसं तंतूंवर वेष्टण असतं, ते बाळात पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून दुखणं वाहून जात नाही, असा तर्क. गंमत अशी की मोठ्या माणसाच्या अंगातही ठणकणारी, जळजळणारी वेदना वाहणारे बारीक तंतू बिनवेष्टणाचेच असतात. हे शरीरशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. ते कुणी बाळाच्या पाळण्याजवळ नेऊन जोडून पाहिलं नाही.

आणि सगळ्यांत जुना आधार म्हणजे, “लेकरू विसरून जातं.”

हे वाक्य मी लहानपणी घरात ऐकलं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावी, साधारण १९७५ साली, माझी सुंता झाली. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, अंगणात पाहुणे, चुलीवर गोड भात. मामूंनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. गावोगाव हेच काम करणारे म्हातारे हजाम समोर बसले, आणि आभाळाकडं बोट दाखवून म्हणाले, “वो देख बेटा, सोने की चिडिया!” आमच्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी ती सोन्याची चिमणी शोधत वर पाहिलं आहे. मीही पाहिलं. त्या म्हाताऱ्यांचा हात हलका होता, काम क्षणात झालं, पण तो क्षण मी विसरलेलो नाही. नंतर तोंडात खडीसाखर घातली. ती कुणाची क्रूर मंडळी नव्हती. त्यांच्याकडं होतं तेवढं सगळं त्यांनी मला दिलं, म्हणजे चिमणी, साखर आणि मामूंची मांडी. पुढं वाचताना कळलं की, या तिन्ही गोष्टींना आज मुलांच्या वेदनाशास्त्रात जागा आहे. फक्त चौथी गोष्ट तेव्हा गावात नव्हती.

पुन्हा शब्दांचा चाळा करतो, माफ करा. ‘सुन्नत’ हा शब्द अरबी, रीत किंवा वहिवाट या अर्थाचा. त्यावरूनच मराठीत सुंता झाला. आणि ‘सुन्न’ हा आपला, शून्याच्या घरातला. दोघांचं नातं काहीच नाही. पण पोरगं असताना मी दोन्ही एकच समजत होतो, कारण तो प्रसंग आठवला की अंग सुन्न होई. सुन्नत सुन्न करून करता येते हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

आता १९८५ सालाकडं येऊ. अमेरिकेत जिल लॉसन नावाच्या बाईंना वेळेच्या कितीतरी आधी मुलगा झाला. जेफ्री त्याचं नाव. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर आपोआप मिटायला हवी, ती त्याची मिटली नव्हती. ती बांधायला छाती उघडून ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी बाळ दगावलं. नंतर आईनं कागदपत्रं तपासली तेव्हा तिला समजलं की, ऑपरेशनच्या वेळी बाळाला स्नायू लुळे करणारं औषध तेवढं दिलं होतं. भुलीचं नाही, वेदनेवरचं नाही. तिनं विचारलं तेव्हा तिला सांगण्यात आलं की, इतक्या लहान बाळाला दुखतं असं सिद्ध झालेलं नाही. ती गप्प बसली नाही. पत्रं लिहिली, १९८६ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली, आणि देशभर आईबाप विचारू लागले, आमच्या बाळाला काय दिलं होतं? त्या एका आईचं नाव भुलीच्या इतिहासात कोलर आणि बीअर यांच्या ओळीत लिहायला हवं, असं माझं मत आहे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक भारतीय तरुण त्याच प्रश्नाच्या मागं लागला होता. कंवलजीत सिंग आनंद. इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले. इंदूर म्हटलं की आपण मराठी माणसं होळकर, सराफा आणि पोहे एवढंच आठवतो, हे नावही आठवत जा. नवजात बाळांच्या कक्षात काम करताना त्यांनी पाहिलं की, कक्षातून ठीकठाक गेलेली बाळं ऑपरेशनहून परत येतात ती राखाडी पडलेली, नाडी क्षीण, श्वास उथळ. तासन्‌तास खपून त्यांना सावरावं लागे. आत असं काय होतं? आनंद आत गेले आणि पाहिलं. भूल जवळजवळ नव्हतीच.

त्यांनी जे केलं ते मला एखाद्या वकिलाच्या कामासारखं वाटतं. साक्षीदार बोलू शकत नाही, तर त्याच्या रक्ताची साक्ष काढा. वेदनेनं आणि धक्क्यानं शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं उसळतात, साखर चढते. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळेआधी जन्मलेल्या, तेच रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन होणाऱ्या १६ बाळांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे जातीचं औषध होतंच. एका गटाला जोडीला फेंटानिल हे जबर वेदनाशामकही दिलं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तात रसायनांचा कल्लोळ उठला, आणि ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक झाल्या. जानेवारी १९८७ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांनी सगळा पुरावा एकत्र मांडणारा मोठा लेख लिहिला, आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीर केलं की, नवजात बाळांना भूल देणं शक्य आहे आणि केवळ वयाकडं बघून ती नाकारू नये. १९९२ साली आनंद-हिकी यांचा आणखी एक अभ्यास आला. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या ४५ नवजातांपैकी खोल भूल मिळालेल्या ३० मध्ये एकही मृत्यू नाही, आणि हलक्या भुलीच्या १५ पैकी ४ दगावली. तिथं वाद जवळपास संपला. पुढं गर्भाच्या वेदनेविषयी आनंद यांनी मांडलेली मतं अमेरिकेतल्या गर्भपाताच्या राजकारणात ओढली गेली, आणि त्यांवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण पाळण्यातल्या बाळाबद्दल आता मतभेद उरला नाही. २०१५ साली ऑक्सफर्डच्याच शास्त्रज्ञांनी काही दिवसांच्या बाळांच्या तळपायाला हलकी टोच लावून मेंदूचं चित्र घेतलं. वेदना होताना मोठ्या माणसाच्या मेंदूचे जे २० भाग जागे होतात, त्यांतले १८ बाळातही जागे झाले.

थोड्या मोठ्या, बोलत्या मुलांची कथाही बरी नव्हती. १९७७ सालचा अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आहे, ईलंड आणि अँडरसन यांचा. शस्त्रक्रिया झालेली २५ मुलं. त्यांतल्या १३ जणांना पूर्ण मुक्कामात वेदनेचं एकही औषध मिळालं नाही. उरलेल्या १२ जणांना मिळून २४ मात्रा. आणि तसेच आजार असलेल्या १८ मोठ्या माणसांना ६७१! मुलं खोटं रडतात, मुलांना सुईचीच भीती जास्त, मुलं लवकर बरी होतात, अशी कारणं असत. मला त्यातलं दुसरं कारण खरं वाटतं. दुखणं थांबवायला सुई टोचणार असाल तर पोरगं “दुखत नाही” असंच सांगणार.

म्हणूनच बधिर करण्याची विद्या परत आली. आधी झोपवायचं आणि झोपेतच सुई द्यायची, ही मुलांच्या बाबतीतली युक्ती. तिची ओळख मला घरातच झाली. २०१८ साली माझ्या पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, आणि त्याच वेळी सुंताही उरकून घ्यावी असं घरच्यांनी सर्जनला विचारलं. ते हो म्हणाले. माझे थोरले बंधू, म्हणजे मुलाचे दादा, साठी ओलांडलेले. भूलतज्ज्ञ बाई समजावून सांगायला आल्या तेव्हा ते म्हणाले, “हमकू किसने सुई दी थी? मरे क्या हम?” बाई जिल्ह्यातल्याच, तिशीतल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आजोबा, तुम्हांला अजून आठवतंय ना? मग त्याला कशाला आठवू द्यायचं?” भाईजान गप्प झाले. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, आठवत होतं म्हणून.

मग बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पाठीचा कणा खाली उतरतो, त्याच्या शेवटी, माकडहाडाच्या जरा वर, हाडात एक छोटी फट असते. मोठ्या माणसात ती शोधणं अवघड, पण लहान मुलात बोटाला सहज लागते. मुलाला मास्कमधून झोप लावायची, कुशीवर वळवायचं, पाय पोटाशी घ्यायचे, आणि त्या फटीतून वजनाच्या हिशेबानं बेतलेलं औषध हळूहळू सोडायचं. ते मज्जारज्जूच्या पिशवीबाहेर पसरतं आणि खालून निघणाऱ्या नसांना चारपाच तास गप्प करतं. याला कॉडल ब्लॉक म्हणतात. त्यामुळं झोपेचं औषध कमी लागतं, मूल लवकर जागं होतं, आणि जागं होतं तेव्हा दुखत नसतं. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा जास्त झालं तर हृदयाला धोका असतो, म्हणून आधी सुई मागं ओढून रक्त येतंय का ते पाहायचं, थांबत थांबत द्यायचं आणि नजर मॉनिटरवर ठेवायची, हेही त्यांनी लपवलं नाही. मी विचारलं, हे किती सुरक्षित? फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात देशभरच्या भूलतज्ज्ञांनी वर्षभर नोंद ठेवली होती. मुलांना दिलेल्या अशा २४,४०९ भुलींत २३ वेळा गुंतागुंत झाली, म्हणजे हजारात एकाहून कमी. ती सगळी पाठीच्या कण्याजवळच्या भुलीत. हातापायाच्या नसांभोवतीच्या भुलीत एकही नाही.

व्हिएन्ना शहराचा या कथेत आणखी एक फेरा आहे. कोलरनंतर ११० वर्षांनी, १९९४ साली, त्याच शहरातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत खांद्याजवळच्या नसांभोवती औषध सोडलं. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ दाखवणारं तेच यंत्र आता नस दाखवतं, सुईचं टोक दाखवतं. अंदाजानं टोचायचे दिवस सरत चालले आहेत, आणि पसाभर अंगाच्या लेकराला त्याचा फायदा सगळ्यांत जास्त.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांना पूर्ण भुलीनंतर श्वास थांबण्याचं भय असतं. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात अबाजियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीअरचीच जुनी रीत परत आणली. जागेपणी पाठीत भूल द्यायची आणि तोंडात साखरेच्या पाण्यात बुडवलेली चोखणी. १९८४ साली त्यांनी ते छापलं. पुढं आईबापांच्या मनात दुसरी धास्ती शिरली, भुलीनं पोराचा मेंदू मागं पडेल का? त्यावर सात देशांतल्या २८ इस्पितळांनी मिळून ७२२ तान्ह्यांचा अभ्यास केला. सगळ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. अर्ध्यांना पूर्ण भूल, अर्ध्यांना जागेपणी बधिर करून. पाच वर्षांनी बुद्धी तपासली. २०१९ मध्ये निकाल आला की, तासाभराच्या एका भुलीनं फरक पडलेला दिसत नाही.

उलट भूल न दिल्यानं फरक पडतो, हे कॅनडातल्या अ‍ॅना टॅडिओ यांनी १९९७ साली दाखवलं. विषय नेमका सुंतेचाच. ८७ मुलगे; काहींची सुंता झालेली नव्हती, काहींची बधिर करणारं मलम लावून झाली होती, काहींची त्याशिवाय. चारसहा महिन्यांनी लस टोचताना त्यांचे चेहरे आणि रडणं टिपलं. मलमाशिवाय सुंता झालेली बाळं सगळ्यांत जास्त कळवळली. त्यांना काही आठवत नव्हतं, निदान आपण आठवणं म्हणतो तसं नाही. पण त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. हा निबंध मी भाईजानना मराठीत वाचून दाखवला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “मलम कितीला मिळतं?”

नातवाचं ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी तो जागा झाला, इकडंतिकडं पाहिलं, आणि आईला म्हणाला, “अम्मी, माझे पाय झोपलेत.” मग दूध मागितलं, मग मोबाइल मागितला. बाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. ही चेहऱ्यांची पट्टी १९८० च्या दशकात अमेरिकेत डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांनी भाजलेल्या मुलांमध्ये काम करताना, मुलांकडूनच चेहरे काढून घेत तयार केली. ज्याला ‘ठणकतंय’ आणि ‘चुरचुरतंय’ यांतला फरक सांगता येत नाही, त्यानं बोट ठेवावं. पोरानं दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, आणि लगेच सांगितलं की मला टोपीवाला चेहरा पाहिजे होता, तो इथं नाही. संध्याकाळी पाय जागे झाले तेव्हा सुई नाही, तर वजनाप्रमाणं गोड पातळ औषध दिलं. रात्री तो झोपला. भाईजान मात्र जागेच होते.

माझ्या तोंडात घातलेल्या त्या खडीसाखरेचंही पुढं शास्त्र झालं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब दिले तर बाळ कमी रडतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. मध मात्र देऊ नये, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून विषबाधा होऊ शकते. आणि साखरेहून सोपा उपाय लसीकरणाच्या दिवशी आरोग्य उपकेंद्राच्या बाकावरच बसलेला असतो. आमच्या गावच्या सिस्टर इंजेक्शन भरता भरता आता आयांना आधीच सांगतात, “पाजायला घ्या गं त्याला, मग टोचते.” पदराखाली बाळ चोखत असतं, मांडीवर सुई लागते, एकदा दचकून रडतं आणि परत ओठ लावतं. ओळीत मागं बसलेल्या बायका ते पाहतात आणि आपापली लेकरं पदराखाली घेऊन तयार बसतात.